नव्व्याण्णव रंग आणि एकच उंची

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा पार्किंगचा विषय निघाला आणि दीड तास चालला. एका सभासदांची सूचना अशी की गेटजवळचा सपाट पट्टा ‘लेडीज गाड्यां’साठी राखून ठेवावा, म्हणजे भगिनींना उतारावरून गाडी काढायचा त्रास नको. लगेच मागून आवाज आला: बायका गाडी तिरकी लावतात, दोघांची जागा अडवतात, आधी त्यांना नीट स्टँडवर लावायला शिकवा. मग तिसऱ्या मजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी उठली. ‘लेडीज गाडी’ हा शब्दच आक्षेपार्ह आहे, ती म्हणाली. ही सगळी कंपन्यांची चाल आहे, गुलाबी रंग फासून स्त्रीमुक्ती विकायची. हे पहिल्या रांगेतल्या एका काकूंना झोंबलं. "माझी स्कूटी नसती तर मी बँकेत ऑफिसर होऊन रिटायर झाले नसते. माझ्यावर तर उपकारच आहेत कंपनीचे." टाळ्या पडल्या, चहा गार झाला, आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

ही चारही मतं मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, आठ मार्चच्या टीव्हीवरच्या चर्चेत. चौघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत. पण चौघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की ‘बायकांची गाडी’ नावाची वस्तू आधी कंपनीनं बनवली आणि मग बायका तिच्यावर बसल्या. मला हा क्रमच उलटा वाटतो. घरात दुसरी गाडी आली तेव्हा ती बायकांनी हातात घेतली, परत दिली नाही, आणि मग कंपन्यांच्या लक्षात आलं की इथं गिऱ्हाईक आहे. उपकार मानणारे आणि चाल ओळखणारे, दोघंही कंपनीला फाजील श्रेय देतात. चावी कोणाच्या ताब्यात असते, शिकताना चुकायची मुभा कोणाला मिळते, आणि जिला गाडी परवडतच नाही तिनं काय करायचं, हे प्रश्न त्या श्रेयाच्या भांडणात मागं पडतात.

क्रम उलटा कसा, ते पाहायला चेतकपासून सुरुवात करावी लागेल. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी बजाज चेतक ही दोन पिढ्यांची घरची गाडी. नंबर लावला की हाती यायला दहा-दहा वर्षं लागत. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलन भरलं तर लवकर मिळे. दहा वर्षं वाट पाहून घरात एकच गाडी येणार असेल तर ती कोण चालवणार, हे काय कुणाला विचारायला लागत होतं? कित्येक लग्नांत स्कूटर हुंड्यात मागितली जायची. म्हणजे गाडी बाईबरोबरच घरात यायची, तिच्या बापाच्या पैशानं यायची, आणि ती बाई आयुष्यभर तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची. शिवाय ते यंत्रही हट्टी. सकाळी निघण्याआधी गाडी कलती करायची, सरळ करायची, मग चोक ओढून किका मारायच्या. इंजिन उजव्या अंगाला, म्हणून वजन तिकडं ओढणारं. डाव्या मुठीत क्लच दाबून अख्खी मूठ फिरवली की गिअर पडायचा. साडी नेसून हे करता येत नाही असं नाही, करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण नवऱ्याची ऑफिसची वेळ आणि गाडी एकच असताना शिकायचं कधी?

बदललं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यातला एकही तुकडा बायकांच्या नावानं आलेला नव्हता. फिरोदियांची लूना १९७२ची. पन्नास सीसी, पायडल मारून सुरू होणारी. ती दूधवाल्यानं घेतली, वायरमननं घेतली, शिक्षिकेनंही घेतली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, क्लच नाही, गिअर नाही. त्याच सुमारास मराठी मध्यमवर्गीय घरात पंजाबी ड्रेस शिरला. आधी कॉलेजातल्या मुलींच्या अंगावर, मग लग्नानंतरही ‘घरात चालेल’ म्हणून, मग बाहेरही. या कपड्याचं श्रेय कुणी मोजत नाही, पण पाय दोन बाजूंना टाकायची सोय त्यानं केली. खरं तर काष्टा मारून घोड्यावर मांड टाकणं आपल्याकडं नवं नव्हतं. नऊवारी जाऊन गोल पातळ आलं तेव्हा पाय एका बाजूला गेले, आणि पंजाबी ड्रेसनं ते पुन्हा दोन बाजूंना आणले. नव्वदीनंतर वाट पाहण्याच्या याद्या संपल्या, हप्त्यावर गाडी मिळू लागली, आणि घरात दुसरी गाडी परवडायला लागली. ही दुसरी गाडी हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. पहिली गाडी बाबांची असते. दुसरी ‘घरची’ असते, आणि घरच्या वस्तूवर बाईचा हात लवकर पडतो.

कायद्याच्या डोळ्यांसमोर मात्र कुठली बाई होती, ते पाहण्यासारखं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यातला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं आवरण हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे. चाकात पदर जाऊन बायका मेल्या आहेत. पण पुढं बसलेल्या बाईसाठी असा कुठला खास विचार त्या नियमांत झालेला मला दिसला नाही. दिल्लीत २०१४ पर्यंत स्त्रियांना हेल्मेटची सक्तीच नव्हती, सवलत म्हणे. डोकं फुटण्याची सवलत! सोसायटीच्या सभेत गेटजवळचा पट्टा देऊ करणाऱ्या काकांच्या सूचनेला हाच वास येत होता. बाईची काळजी करायची, पण ती बसणार मागे किंवा लावणार कडेला, हे धरून.

आता कंपन्या. त्यांनी बायकांकडं पाहिलं ते बऱ्याच उशिरा. टीव्हीएसची स्कूटी नव्वदच्या दशकातली. हिरो होंडानं प्लेझर आणली ती ‘सगळी मजा मुलग्यांनीच का करायची’ अशा अर्थाच्या जाहिरातीसकट, आणि पाठोपाठ फक्त बायकांनी चालवलेली शोरूमही काढली. यामाहानं २०१२मध्ये रे नावाची स्कूटर मुलींसाठी म्हणून आणली आणि वर्षभरातच तिची रे-झी नावाची बहीण, म्हणजे त्यांच्या लेखी भाऊ, मुलांसाठी म्हणून बाजारात उतरवली. यंत्र तेच, रंग आणि स्टिकर वेगळे. आणि या सगळ्या धांदलीत बायकांनी सर्वाधिक जवळ केलेल्या गाड्यांत आघाडीवर कोण? होंडाची ॲक्टिव्हा. २००१मध्ये आलेली, राखाडी, काळी, पत्र्याची, बायकांची म्हणून न विकलेली. २०१६च्या पहिल्या सहामाहीत ती देशात सर्वाधिक खपणारी दुचाकी ठरली, मोटरसायकलींनाही मागं टाकून. सकाळी तीच गाडी मुलगा क्लासला नेतो, दुपारी आई बँकेत, संध्याकाळी बाबा भाजीला. पुण्यातल्या कर्वे रोडच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून मोजा. गुलाबी गाड्या किती, आणि काळ्या-करड्या गाड्यांवर बसलेल्या बायका किती?

इथं मला समोरच्या बाजूचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे, आणि तो लहान नाही. काकूंचं ‘उपकार’ हे वाक्य मी सभेत हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन विचार केला. लहान गावात, जिथं बापाला मुलीच्या हातात गाडी द्यायची धास्ती वाटत होती, तिथं ‘ही मुलींचीच गाडी आहे’ या शिक्क्यानं परवानगीचं काम केलं. टीव्हीवर तिच्याएवढीच मुलगी गाडी चालवताना दिसली, शेजारच्या मास्तरांच्या मुलीनं घेतली, आणि बाप म्हणाला, घे. शिक्का नसता तर तो ‘मोटरसायकल’ या शब्दापाशीच अडला असता. वेगळी जागा करून आत शिरायचं, ही आपल्याकडची जुनीच वाट आहे. पुण्यात १८८४मध्ये हुजूरपागा सुरू झाली ती मुलींची वेगळी शाळा म्हणूनच. कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढं तो गावाबाहेर हिंगण्याला नेला. तिथं जायला स्वतः रोज गावातून चालत जात.  लेडीज डबा, कन्याशाळा, महिला बँक. शिक्का आधी दार उघडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण दार उघडल्यावर आत काय द्यायचं, तिथं खरा वाद असतो. हुजूरपागेचंच पाहा. शाळा निघाली, ठीक, पण मुलींना मुलांच्या शाळेसारखा अभ्यासक्रम कशाला, अशी टीका टिळकांच्या ‘मराठा’तून झाली. शाळा चालेल, पण शिकवायचं ते संसाराच्या मापाचं. स्कूटरच्या बाबतीत हेच माप कंपन्यांनी लावलं. टीव्हीएसनं एकेकाळी स्कूटी पेप प्लस नव्व्याण्णव रंगांत देऊ केली. नव्व्याण्णव रंग आणि सीटची उंची एकच! पाच फूट असलेल्या बाईचे पाय सिग्नलला टेकतात की नाही, याचं उत्तर त्या रंगांत नव्हतं. त्याच कंपनीनं कमी जोरात मेन स्टँडवर चढणारी गाडी केली आणि वजनही शंभर किलोच्या आत ठेवलं, ते काम मात्र मी मानते. होंडानं २००९मध्ये एकाच लिव्हरनं दोन्ही ब्रेक लागण्याची सोय ॲक्टिव्हात आणली, तेही. गंमत अशी की या सोयी बायकांइतक्याच गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि अठरा वर्षांच्या किरकोळ मुलाला हव्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी मी नवी गाडी घ्यायला गेले तेव्हा नवरा सोबत होता. त्याला दुचाकी येत नाही. तो पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बस, आणि रिक्षावर आयुष्य काढलेला माणूस आहे. सेल्समन तरुण होता, अदबीचा होता. ब्रोशर नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाला, "सर, ॲव्हरेज पन्नासच्या आसपास मिळतं, सर्व्हिसिंग तीन फ्री." मग माझ्याकडं वळून, "मॅडम, तुम्ही कलर बघून घ्या तोवर." नवऱ्यानं गरिबासारखं विचारलं, "पेट्रोल कुठून भरायचं हिच्यात?" सेल्समनला वाटलं सर विनोद करताहेत. मी ब्रेक, टायर आणि डिकीत हेल्मेट मावतं का ते विचारलं. उत्तरं मिळाली, पण प्रत्येक उत्तर देताना त्याची नजर नवऱ्याकडं जात होती, खात्री करून घेतल्यासारखी. गाडी शेवटी माझ्या नावावर झाली. फॉर्मवर आधी नवऱ्याचं नाव पडलं होतं, ते खोडून.

आता ‘बायकांना गाडी येत नाही’ या पक्षाकडं. पाय खाली घासत थांबणं, इंडिकेटर एक आणि वळणं दुसरीकडं, पदराचा किंवा स्कार्फचा गुंता. यावर विनोद आहेत, चित्रफिती आहेत, ‘पापा की परी’ हा शब्दच आहे. अपघातांचे आकडे पुढं करून याला उत्तर द्यायचा मोह होतो: २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यांतले दर शंभरात सुमारे पंच्याऐंशी पुरुष. पण ही पळवाट आहे. पुरुष गाड्याही जास्त चालवतात, लांबही जातात, रात्रीही जातात. या आकड्यावरून बायका चांगल्या चालवतात असं सिद्ध होत नाही. मी उलट कबूल करते की तीस-पस्तिशीत शिकलेल्या बऱ्याच बायका बिचकत चालवतात. माझा प्रश्न त्या पुढचा आहे. त्या शिकल्या कधी आणि कशा?

माझी आई लूना शिकली ती १९८६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सांगलीत, शाळेच्या मैदानावर, दोन संध्याकाळी. दुसऱ्या संध्याकाळी ती पेरूच्या हातगाडीवर जाऊन आदळली. कोपर फुटलं, पेरू सांडले, बाबांनी पेरूचे पैसे दिले. ही गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. आई ऐंशीच्या घरात आली तरी पेरू पाहिला की कुणी ना कुणी हसतं. माझ्या भावानं तेराव्या वर्षी, लायसन्सला पाच वर्षं असताना, बाबांची चेतक न सांगता काढली आणि विजेच्या खांबावर घातली. पुढचं मडगार्ड बदलावं लागलं. ती गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सांगितली तरी ‘लहानपणापासून धाडशी’ अशी. मुलग्यांच्या चुका गल्लीत, कोवळ्या वयात, बेकायदा होऊन जातात आणि अठराव्या वर्षी ते ‘तयार’ होऊन रस्त्यावर येतात. बाई पहिली चूक करते ती भर चौकात, मागे शाळेतलं पोर आणि पुढं भाजीची पिशवी घेऊन, आणि तिच्यामागं चार जण हॉर्न वाजवत असतात. कौशल्य म्हणजे पचलेल्या चुकाच असतील, तर ज्याला चुकायला पाच वर्षं जास्त मिळाली त्यानं दुसऱ्याला हसावं का?

या हसण्यालाही इतिहास आहे. कर्व्यांचा आश्रम निघाला त्याच सुमारास, १८९७ साली, केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान होतं. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी चौकात एक पुतळा टांगला होता. पुस्तक वाचणाऱ्या बाईचा नव्हे, सायकलवर बसलेल्या बाईचा. पदवी मागणाऱ्या बाईची टिंगल करायला त्यांना सायकल सुचली, कारण हिच्या येण्याजाण्यावर आता आपला हात राहणार नाही, ही खरी भीती होती. आपल्याकडं त्याच काळात बाईनं पायात बूट आणि हातात छत्री घेऊन रस्त्यानं जाणं हा गहजब होता. ऊन काय फक्त पुरुषांनाच लागत होतं? आज पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि गॉगल घातलेल्या बुलेटवरच्या बायकांचे फोटो डोंबिवली-गिरगावातून निघतात आणि पहिल्या पानावर येतात. बुधवारी त्याच बाईनं सिग्नलला पाय टेकला तर तिची चित्रफीत होते. सणाची बाई चालते, रोजची नाही. आणि नियमांचंच म्हणाल, तर २०१९च्या जानेवारीत आमच्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले ते काही ‘पऱ्यां’नी काढले नव्हते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा आक्षेप याहून भारी आहे. कंपनीच्या चालीचा भाग सोडा. तिचं मुळातलं म्हणणं असं की स्कूटर हे ज्याच्याकडं पैसे त्याचं स्वातंत्र्य. गाडी हप्त्यावर, पेट्रोल आपलं, आणि सरकार बसच्या जबाबदारीतून मोकळं. हे मी बऱ्याच अंशी मान्य करते, आणि पुरावा म्हणून मुंबईच पुढं ठेवते. मुंबईच्या बाईला स्कूटरची गरज फारशी पडली नाही. लोकल होती, बेस्ट होती, लेडीज डबा होता, १९९२पासून अख्खी लेडीज स्पेशल होती. विरार-डोंबिवलीच्या बायकांनी नोकऱ्या केल्या, भाज्या निवडल्या, भिशी चालवली, ते त्या डब्यात. पुण्यात पीएमपी कधीच तेवढी पुरली नाही, म्हणून पुणेरी बाई गाडीवर बसली. ती हौसेची जितकी तितकीच नाइलाजाची कथा आहे. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दोन बस बदलून येतात, आणि दुसरी बस चुकली की पुढच्या दोन घरचं वेळापत्रक कोसळतं. त्यांना गुलाबी काय आणि काळी काय. सरकारी पैसा कुठं घालायचा असं मला विचाराल तर आधी बसमध्ये. तामिळनाडूनं २०१८मध्ये नोकरदार स्त्रियांना स्कूटरच्या निम्म्या किमतीचं, जास्तीत जास्त पंचवीस हजारांचं अनुदान सुरू केलं. त्याच राज्यानं मे २०२१पासून साध्या शहर बसमध्ये स्त्रियांचा प्रवास मोफत केला. दोन्हींत निवडायचंच झालं तर माझं मत दुसऱ्याला.

तरी या युक्तिवादाची एक कड मला खटकते. बस नाही याचा जाब स्कूटरवाल्या बाईला का विचारायचा? पन्नास वर्षं पुरुष मोटरसायकली घेत होते तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे खासगी स्वातंत्र्य आहे. दुसरं असं की बसचा मार्ग घर ते ऑफिस असा सरळ असतो आणि बाईचा दिवस तसा नसतो. घर, पाळणाघर, ऑफिस, औषधाचं दुकान, आईकडं डोकावणं, क्लास, घर. उत्तम बस आली तरी ही साखळी ती पूर्ण जोडणार नाही. आणि गावाकडं तर प्रश्नच वेगळा. एसटीच्या फाट्यापासून सहा किलोमीटर आत असलेल्या वाडीवरच्या शाळेत जाणारी शिक्षिका पाहा: पदराला दोन जास्तीच्या पिना, डिकीत पोषण आहाराची वही, पेपरांचा गठ्ठा, आणि पावसाळ्यात चिखलातून पाय टाकायला जुनी चप्पल. तिच्या आधीची बाई बदली मागत बसायची. अंतराचं महत्त्व बिहारनं दाखवलंच आहे. २००६मध्ये तिथं नववीच्या मुलींना सायकली दिल्या. पुढच्या अभ्यासांत माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि सर्वांत जास्त फरक होता तो शाळेपासून तीन किलोमीटरहून लांबच्या गावांत. सायकलचा रंग कुठला होता, हे कुणी नोंदवल्याचं मला आठवत नाही.

‘लायसन्स नको, मुलींसाठी एकदम सेफ’ असं सांगून ज्या हळू चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या विकल्या जातात, त्यांबद्दल एकच वाक्य: जिनं शिकायची जास्त गरज आहे तिलाच परीक्षेतून सूट देणं हे हेल्मेटच्या सवलतीचं नवं रूप आहे.

राहिला कामांचा मुद्दा. माझी एक मैत्रीण म्हणते, "गाडी आली आणि मी घरची हमाल झाले." तिचं खोटं नाही. गाडी येईपर्यंत गॅसच्या पुस्तकाचं काम नवरा करायचा, सासऱ्यांना डॉक्टरकडं दीर न्यायचा. ती चालवायला लागली आणि सगळं तिच्या हुकाला अडकलं. हल्ली कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही ‘मुलगी गाडी चालवते ना?’ असं विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तिचं स्वातंत्र्य नसतं, स्वतःच्या आईचा दवाखाना असतो. हे सगळं मान्य. पण त्यातली बरीच कामं ती आधी पायी करत होती, हे विसरायला नको. आणि काम हे बाहेर पडायचं निमित्तही असतं. बाहेर जायला पुरुषाला कारण लागत नाही. ‘जरा चक्कर मारून येतो’ एवढं पुरतं. बाईला कारण सांगावं लागतं. महाराष्ट्रात मार्च २०२३मध्ये एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं तेव्हा पहिली तक्रार काय आली? ‘बायका उगाचच फिरायला लागल्या.’ उगाच!

आईची लूना शाळेत जायला घेतलेली. घर ते शाळा सव्वा किलोमीटर. बाबा हिशेबाची वही काटेकोर ठेवायचे. दूध, वर्तमानपत्र, लूना, सगळं तारीखवार. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की सव्वा किलोमीटरच्या मानानं पेट्रोल फार लागतंय. त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "हल्ली जास्त खाते गाडी." बाबांनी ती मेकॅनिककडं नेली. तो म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही. आई संध्याकाळी कुकर लावून कोथिंबीर आणायला जायची आणि आयर्विन पुलापर्यंत जाऊन, कठड्याशी पाच मिनिटं कृष्णेकडं बघत उभी राहून, कोथिंबीर न घेता परत यायची, हे आम्हाला तिनं कितीतरी वर्षांनी सांगितलं. बाबांना तेव्हाच कळलं होतं का, माहीत नाही. ती वही माझ्याकडं आहे. त्या महिन्याच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात एकच ओळ आहे: लूना, कार्बोरेटर साफ, रु. १५.